पांढरा पत्रा, चढतं मीटर

सोमवार, ८ एप्रिल २०२४, सकाळी ६.१०
स्टुलावर उभा राहून विजेच्या मीटरचा आकडा टिपला. चोवीस तासांत चार युनिट. दोनदा वाचला. बरोबर.

आज आमच्या पत्र्याला पांढरा रंग. मरोळच्या या बैठ्या चाळीत चाळीस घरं, पण परदेशी मदत सध्या एकाच घराला. संस्थेच्या उत्तरा मॅडम म्हणाल्या, हल्ली नुसता उकाडा कमी करून पैसे मिळत नाहीत, धूरही कमी व्हायला हवा. वीज कोळशाची. म्हणजे घर थंड आणि वीज कमी, दोन्ही दाखवायचं. जमलं तर उरलेल्या एकोणचाळीस घरांना रंग आणि मी पगारी समन्वयक. दहावीचं गणित राहिलंय, ते मॅडमना योग्य वेळी सांगेन.

संकल्प: रोज नोंद. खाडाखोड नाही.

शुक्रवार, १२ एप्रिल
घरात दुपारी साडेचार अंश कमी. झकास! ओळखपत्रासाठी फोटो काढून घेतला. आठ प्रती.

रविवार, १४ एप्रिल, दुपारी ३
घरात पंधरा माणसं. राजारामकाका (मंडळाचे अध्यक्ष, मंडप आणि जनरेटर भाड्याने देतात) उंबऱ्यातच आईला म्हणाले, जानकीवहिनी, तुमच्याकडे महाबळेश्वर झालंय की! आणि चटईवर आडवे. शेजारच्या शुभाकाकू परातीत गहू घेऊन आल्या. दोन पंखे, टीव्ही. सात युनिट.

आईला म्हटलं, माणसं कमी कर. म्हणाली, पंख्याखाली बसलेल्याला उठवायला तू काय टीसी आहेस?

मंगळवार, १६ एप्रिल
दारावर पाटी लावली: एका वेळी तीनच माणसं. काका म्हणाले, अक्षर सुंदर आहे रे तुझं. आणि सोळावे म्हणून आत गेले.
पुन्हा सात. एकोणचाळीस घरं माझ्या मीटरवर टांगलेली, आणि हे लोक घोरतायत.

गुरुवार, १८ एप्रिल
मार्ग सापडला. काकांचा डिझेल जनरेटर मागच्या बोळात. पंखे, टीव्ही त्यावर; फ्रिज तेवढा मीटरवर. तपासणीला येणारे मीटर बघणार, बोळ नाही. इतकं साधं कुणाला कसं सुचलं नाही?

शनिवार, २० एप्रिल
दोन युनिट!
आई म्हणाली, मेल्या, ह्यां काय आणलंस, कपड्यांना डिझेलचा वास मारतो. म्हटलं, धूर कमी करण्यासाठीच आणलाय. तिने दोरीवरचे कपडे काढून माझ्या अंगावर टाकले. शिक्षण नाही, दुसरं काय.

बुधवार, २४ एप्रिल, संध्याकाळी ७
मॅडम आणि परदेशी साहेब येऊन गेले.
आकडे बघून साहेब खूश. मग खोकले. मग खिडकीतून बोळात वाकून बघितलं. काका अभिमानाने म्हणाले, आपलाच आहे साहेब, सहा दिवस झाले, एकदाही बंद पडला नाही.
मॅडमनी मला काही विचारलं नाही. आईला विचारलं. आईने सगळं सांगितलं. पंधरा माणसं, सात युनिट, पाटीसुद्धा. मॅडम म्हणाल्या, आणि ही माणसं इथे असताना त्यांच्या घरात? आई म्हणाली, कुलपं. पंखे कोण लावणार, भुतं?
मॅडमनी शेजारच्या घरांची मीटरं जुन्या बिलांशी ताडून बघितली. जनरेटर येण्याआधी आमची रोज तीन युनिट वाढलेली, त्यांची मिळून रोज नऊ कमी झालेली.
म्हणजे पहिल्या दिवसापासून सगळं बरोबर चाललं होतं. माझ्या उपायापर्यंत.

शुक्रवार, २६ एप्रिल
एकोणचाळीस घरं मंजूर. चाळीत पेढे.
समन्वयक: आई. खरं सांगते आणि लोक तिच्याकडे येतात, असं पत्रात आहे. मी तिचा सहायक, बिनपगारी. माझ्या मते मार्गदर्शकच. तिने पहिलं काम दिलं: जनरेटर ढकलत काकांकडे पोचवणे.

जनरेटरचं भाडं, सहा दिवस: ३,६००
डिझेल: २,१४० (रोख दिले)
संस्थेकडून परत: शून्य
काकांचं देणं: ३,६००. काका म्हणाले, घाई नाही रे, आईच्या पहिल्या पगारातून दे.