टोपीसकट बसण्याची गाडी

मी, ह्युबर्ट लीव्ह्जली, वय एकाहत्तर, राहणार कॉव्हेंट्री, धंदा लंडनच्या टॅक्सींच्या बॉड्या बांधणे, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाखाली न येता लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर असल्याची खात्री डॉक्टरांनी करून घेतली आहे. धाकटा भाऊ सेड्रिक याला ती पटणार नाही, पण त्याला विचारतो कोण?

कलम पहिले. माझी कार्यशाळा, लाकडाचा साठा आणि पत्र्याला गोलाई देण्याचे चाक माझी मुलगी म्युरिएल हिला मिळावे. लढाईत कारागीर गेले तेव्हापासून ते चाक तीच चालवते. डोळे मिटून पत्र्यावर तळवा फिरवते आणि खळगा लागला की माझा उद्धार करते. सेड्रिक तेव्हा म्हणाला होता, "पोरीच्या हाती चाक देतोस, दादा? मग आमच्या हिच्यासाठी ऐरण आणू का?"

कलम दुसरे. सेड्रिकचा मुलगा रॉडनी याला काहीही मिळू नये. तो साच्यात राळ ओतून प्लास्टिकसारखे दरवाजे काढतो आणि स्वतःला गाडी बांधणारा म्हणवतो. त्याला कार्यशाळा नको, फक्त तिच्या आवाराची जागा हवी आहे.

कलम तिसरे, सेड्रिकविषयी. हे महाशय उमरावांच्या गाड्या बांधत. माझ्या टॅक्सींना चारचौघांत "भाड्याची खुराडी" म्हणत. "मेलो तरी तुझ्या खुराड्यात बसणार नाही," ही शपथ त्याने आजवर पाळली, भर पावसात पायी जाऊन पाळली. याच थोर कलावंताने एका अर्लसाहेबांच्या गाडीचे छप्पर डौलासाठी खाली घेतले आणि आतली उंची बैठकीच्या उघड्या फळीपासून मोजली, गादी बसवण्याआधी! जाड गादी आली आणि साहेबांची टोपी छताला चेपली.

"लीव्ह्जली, मान घरी ठेवून येत जाऊ का?" साहेबांनी विचारले.

"मोठी माणसं गाडीत टोपी काढतात, साहेब," हा म्हणाला. चूक कबूल करणे त्याच्या रक्तात नाही. माझ्या टॅक्सीत मासळीवालाही टोपी घालून ताठ बसतो.

कलम चौथे. आमच्या वडिलांचा लाकडी हातोडा सेड्रिकला फार वर्षांपासून हवा आहे. तो त्याला द्यावा, पण एका अटीवर. माझी राख वडिलांच्या कबरीपर्यंत मी बांधलेल्या टॅक्सीतून न्यावी. राखेचा डबा चालकाशेजारी, सामानाच्या जागेत ठेवावा आणि मागे सेड्रिकने बसावे. तो पायी आला, तर म्युरिएलने हातोडा शेगडीत घालावा. तिने दया दाखवू नये. मला तो एकच भाऊ आहे, आणि त्याने एकदा तरी माझ्या गाडीत बसावे एवढेच मला हवे आहे.

उंचीची काळजी त्याने करू नये. मी मोजमाप गादी घालून घेतो. त्या गाडीत टोपी काढावी लागत नाही.

तरीही त्या दिवशी त्याने ती काढली, तर मला बरे वाटेल.

सही: ह्युबर्ट लीव्ह्जली

आमच्यासमोर सही झाली. आम्हांला यातून काही मिळणार नाही, हे ह्युबर्टनी दोनदा बजावले आहे.
साक्षीदार: ॲगाथा पिंकनी, शेजारीण
साक्षीदार: नॉर्मन ट्रसलव्ह, टॅक्सीचालक

कॉव्हेंट्री, १४ नोव्हेंबर १९६२