शर्वी आज घरीच

सर्वेश,

काल मी आले तेव्हा तुम्ही दोघं झोपला होतात, म्हणून लिहून ठेवतेय. शर्वीला आज नर्सरीत आणू नकोस. मान्यतेसाठी कमिटी येतेय आणि रात्री दुसऱ्या टीचरचा फोन आला, तिला ताप आहे. एका टीचरमागे वीसच मुलं, असा त्यांचा नियम. आमची एकवीस. कुठल्या आईला सांगू, तुमचं मूल आज नको म्हणून? शेवटी आपलीच गाळली. मान्यता हुकली तर जूनपासून नर्सरी बंद, तुला माहितीये.

तुझं आज घरूनच काम आहे ना? डोशाचं पीठ फ्रीजमध्ये आहे. तिला संध्याकाळी बागेत ने, पण आत्ता गव्हाणपाड्याच्या गल्लीतून, नर्सरीसमोरून नको नेऊस. गाणं बाहेर ऐकू येतं. ते स्वागताचं गाणं तिनेच सगळ्यांकडून घोटून घेतलंय. आज सुट्टी आहे म्हणून सांग. मला काय बोलायचं ते रात्री बोल, आत्ता फोन नको करूस.

निघताना तिचं पांघरूण सारखं करायला गेले. युनिफॉर्म घालूनच झोपलीये रे.

उत्तरा