हिरवी गाडी, तिची नक्कल आणि माझा चहाचा कप

तीर्थरूप मामा,

वाकून नमस्कार घातलाय, पण काल जॅकचा दांडा पाठीत बसल्यामुळे पाऊणच समजा. तब्येत कशी आहे? थोडी नरमगरम असेल तर कळवा, मला सोयीचं पडेल (का ते खाली येईल). मामींना नमस्कार. तुमची धाकटी अजून दिसेल त्याला चावते का?

तर, सहा महिने एका जागी टिकून दाखव म्हणाला होतात. पाच झाले! कारखाना छोटा, पण काम राजेशाही. जुन्या शर्यतीच्या गाड्यांच्या हुबेहूब नकला बनवायच्या. तुम्ही म्हणाल, नकलेला कोण विचारतो? मीही तेच म्हणालो, तर उस्तादांनी पाना फेकून मारला (चौदा नंबरचा. बावीसचा असता तर हे पत्र दुसऱ्याच कोणी लिहिलं असतं). उस्तादांच्या मते अस्सल गाडी म्हणजे घरी आलेला जावई. नुसता बसवून ठेवायचा, कामाला लावायची सोय नाही. नक्कल मात्र चिखलात घाला, वळणावर फेका, आवाज तोच, मजा तीच, आणि छातीत धडधड नाही.

माझं काम नव्या गाडीला जुनी करणं. मूळ गाडी शेजारी ठेवून तिचा एकेक पोचा आणि ओरखडा उतरवायचा. (नक्कल केली म्हणून शाळेने ज्याला बाहेर काढलं, त्याला इथे पाठीवर थाप मिळते.) या खेपेला आल्या बाहत्तर वर्षांच्या एक बाई. वडिलांची हिरवी शर्यतीची गाडी संग्रहालयाला द्यायची आणि नक्कल स्वतः चालवायची, असा बेत. मूळ सीटवर चहाचा डाग होता, तो मी माझ्याच कपातून तीन दिवस थेंबथेंब पाडला. मग नकलेच्या सीटखाली लाल रंगाचा ठिपका दिसला. मूळ गाडीत नव्हता, म्हणून इमानेइतबारे खरवडून काढला.

तो ठिपका उस्ताद प्रत्येक नकलेत मुद्दाम ठेवतात, अस्सल-नकली ओळखू यावी म्हणून. हे मला कधी कळलं? संग्रहालयाचा ट्रक दारात उभा, उस्ताद दुसऱ्याच गाडीखाली आडवे, आणि तिथूनच ओरडले, "ए भटक्या, बिनठिपक्याची दे त्यांना!" दोन्ही बिनठिपक्याच्या! मी जास्त खानदानी दिसली ती दिली. संध्याकाळी माझा कप सापडेना. रविवारी संग्रहालयात गेलो, तर दोरीच्या आत माझ्या हातची नक्कल, सीटवर माझा कानतुटका कप आणि खाली पाटी : 'चालकाचा मूळ कप'.

म्हणजे अस्सल गाडी बाई दामटताहेत, मामा! रोज कारखान्यावरून भर्रकन जातात, वर हात हलवतात. काल फाटकाच्या खांबाला घासली. उद्या रंगाला आणणार, उस्ताद सवयीने सीटखाली ठिपका बघणार, आणि माझा सहावा महिना सुरू होण्याआधीच संपणार.

तुमचा,
भटक्या भाचा

ता. क. : तुम्ही अत्यवस्थ आहात असं उस्तादांना ताबडतोब कळवा. मी रडत निघतो.

आणखी एक ता. क. : आजारी पडू नका! पत्र टाकायला निघालो तर दारात बाई. त्यांनी पहिल्याच दिवशी ओळखलं होतं. चार वर्षांच्या असताना त्या स्टिअरिंगला मागच्या बाजूने कडकडून चावल्या होत्या, ती खूण बोटांना लागली. म्हणाल्या, "अस्सल अस्सल म्हणत जन्मभर मला हात लावू दिला नाही रे कोणी. ती नक्कल आली म्हणून ही सुटली." आणि पर्समधून नखांचा लाल रंग काढून सीटखाली ठिपका स्वतः दिला.

शेवटचा ता. क. : बाईंची एकच अट आहे. संग्रहालयातली नक्कल अर्धवट राहता कामा नये. एका मोडक्या स्टिअरिंगवर करून पाहिलं, माझे दात फार मोठे उमटतात. तेव्हा रविवारी धाकटीला घेऊन या. उपाशी आणा.