मागच्या दाराचो पत्रो

अहो,

गाडी बाहेर काढू नकात. चावी मी सोबत नेतंय. आपल्या रियाक घेवन एसटीन सावंतवाडीक जातंय.

तुमी सांगितलात म्हणान सकाळी गाडीची पूजा केलंय, बाजूच्या दगडार नारळ फोडलंय. करवंटीचो तुकडो उडान मागच्या दाराक लागलो आणि रंगाची ही मोठी ढलपी खाली पडली! आत पत्रोच नाय हो. पेपराचे बोळे कोंबलेले आसत, वरसून लांबीचो लगदो फासून रंग मारल्यानी. बोट लावलंय तर ता सरळ आत गेला.

"कुसलेलो पत्रो कापून नवो घातलंय, वहिनी," असा बाबलीभावजींनी छाती ठोकून सांगल्यानी ना? मी कसालच्या गॅरेजात देवया म्हणत होतंय. तुमकाच मामेभावाची भीड मोडवली नाय.

दुपारी ते जेवूक येतले. सोलकढी त्याच नारळाची केलंय, पोटभर वाढा. पण आधी गाडीचो तो दरवाजो दाखवा. काय बोलूक जमला नाय, तर इतक्याच सांगा: रिया गाडीत झोपता, ती त्याच दाराक टेकान.

संचिता