चाळीस खोटे प्रतिसाद

३ तारीख, सोमवार
पोरी, लिहायला फार उशीर झाला, रागावू नकोस. फोनवर मला धड ऐकू येत नाही, म्हणून आता रोज या वहीत लिहीन आणि वहीच पाठवून देईन. तुझ्या लेकीने, ठकूने, मला तिच्या कॉलेजात कामाला लावलं! कान तपासणारे तिथे तयार होतात. मी सरावाचा पेशंट. जाड दाराच्या खोलीत हेडफोन लावून बसायचं, बारीकसा आवाज आला की हातातलं बटण दाबायचं. बाहेर दिवा लागतो, पोरं कागदावर खूण करतात. माझा डावा कान लहानपणीच्या तापात ठार बहिरा झाला, त्यालाच इथे भाव! तो तपासताना उजव्यात खरखर सोडतात, नाहीतर उजवा चोरून ऐकतो. पोरं मला 'डावे आजोबा' म्हणतात.

५, बुधवार
आज खरखर चालू असताना डाव्या कानात माणूस बोलला. माझ्याच वयाचा, दमलेला. कोणी लिहिलं, असं विचारत होता. मी घाबरून बटण दाबलं. शिकवणाऱ्या मॅडम हसल्या. आजोबा, आवाज सोडलाच नव्हता, म्हणाल्या. याला खोटा प्रतिसाद म्हणतात, नोंदवा आणि पुढे चला, असं त्यांनी पोरांना शिकवलं.

६, गुरुवार
शिपायाला खोदून विचारलं. माझ्याआधी या खुर्चीत एक काका बसायचे. गेल्या वर्षी परीक्षा चालू असताना त्यांच्या छातीत कळ आली. उठवेना, हाक बाहेर जाईना. काचेतून फक्त पाठ दिसते. ते बटण दाबत राहिले. परीक्षा देणाऱ्या मुलीने दिवा किती वेळा लागला ते मोजून लिहिलं, चाळीस खोटे प्रतिसाद. दार उघडलं तेव्हा ते गेले होते. मुलगी कोण, ते शिपाई सांगेना.

७, शुक्रवार
ठकूला विचारलं. ताटावरून उठली. मग रडत म्हणाली, आजोबा, मॅडमनी शिकवलं तसंच केलं मी.

१०, सोमवार
कानातला तो आता रस्त्यातही बोलतो. जेवतानाही. कोणी लिहिलं, नाव सांग, म्हणतो. मी हात जोडले, सोड म्हटलं. म्हणाला, मी चाळीसदा विनवलं, मला कोणी सोडलं? कापूस कोंबला, पण मेल्या कानात कापूस काय करणार —

११, मंगळवार
मी मॅडमचं नाव सांगितलं. शिकवणारी तीच ना? भोगू दे. सांगताना बरं वाटलं, आणि कान लगेच शांत झाला. खोटं कशाला बोलू.

१२, बुधवार
मॅडम त्या खुर्चीत सापडल्या. गेल्या. बटण दाबून अंगठ्याचं नख तुटलेलं. बाहेर दहा पोरं होती. दिवा एकदाही लागला नाही म्हणतात.

१३, गुरुवार
परत आला. म्हणतो, मॅडम म्हणाल्या, पेन त्यांच्या हातात नव्हतं. नाव सांग.
नाही सांगणार. जीभ तुटली तरी —

१४, शुक्रवार
ठकूला सकाळच्या गाडीत बसवलं, तुझ्याकडे. कॉलेज गेलं खड्ड्यात.
दुपारी डुलकी लागली. उठलो तर कान शांत. तो विचारत नाही. मीच म्हटलं, अरे विचार ना — काही नाही.
पोरी, मी झोपेत बडबडतो, तुझी आई सांगायची. मी काही बोललो का गं — शपथ, मला आठवत —
वही शेजाऱ्यांच्या हाती देतोय. ठकू पोचली का, एवढंच लगेच कळव. एक ओळ. ती दारात आली असेल तर तिला —