माझे पाठ्यपुस्तक वर्गाला लावू नये

मी, माध्यम कायद्याची निवृत्त प्राध्यापिका, पूर्ण शुद्धीवर असून आणि कोणाच्याही दडपणाखाली नसून (ते आणण्याची घरात कोणाची छाती नाही), माझ्या पश्चात काय व्हावे ते स्वखुशीने लिहून ठेवते.

१. राहते घर धाकट्या भावास. गच्चीकडची खिडकी नीट लागत नाही. त्याने ती दुरुस्त करावी, मला बोल लावू नये.

२. स्वयंपाकघरातील भांडी वहिनीस. बरीचशी तिने आधीच उसनी नेली आहेत. ती आता परत करू नयेत.

३. बँकेतील शिल्लक कॉलेजच्या ग्रंथालयास. आधी पंखे, मग पुस्तके.

४. मी लिहिलेल्या माध्यम कायद्याच्या पाठ्यपुस्तकाचे सर्व हक्क भाचीस. माझा विषय आता तीच शिकवते आणि नव्या सत्रासाठी पुस्तक तिलाच निवडायचे आहे. रविवारी म्हणाली, "आत्या, तुझंच लावते. नाहीतर बाबा मला घरात घेणार नाहीत."

"अगं, माझ्या पुस्तकात बातमी अजून फॅक्सने येते! कोणी बदनामीचा मजकूर मोबाइलवरून पुढे ढकलला, तर जबाबदार कोण? काढ बरं त्यातून उत्तर."

तिने पाने उलटली, अनुक्रमणिका पाहिली आणि पुस्तक मिटले.

अभ्यास मंडळात माझ्याशी जन्मभर भांडलेल्या वकीलसाहेबांच्या पुस्तकात ते उत्तर आहे. भाषा खडबडीत, पण उत्तर चोख. सबब, माझे पुस्तक कोणत्याही वर्गाला लावू नये. भावाने रुसू नये. वकीलसाहेबांचेच पुस्तक लावावे.

खुलासा: वरील कलमातील शेवटचे वाक्य रद्द समजावे. वकीलसाहेब साक्षीला आले, मसुदा वाचला आणि पेन खाली ठेवले.

"बाई, तुमच्या मृत्युपत्रामुळे माझं पुस्तक खपणार, म्हणजे मी लाभार्थी. साक्ष कशी देऊ?"

"मग दुसरा साक्षीदार बघते."

"छे! साक्ष मीच देणार. ते वाक्य काढा. पोरीला तिच्या मनाने निवडू द्या."

मी काढले. भाची चहा घेऊन आत आली.

"आत्या, आता तुझी आज्ञा नाही ना माझ्यावर?"

"नाही."

"मग काका, मी तुमचंच पुस्तक लावते. भाषा तेवढी वर्गात सोपी करून सांगेन."

वकीलसाहेबांनी सही इतकी दाबून केली, की ती खालच्या कोऱ्या कागदावरही उमटली.

साक्षीदार:
१. वकीलसाहेब (सही)
२. खालच्या मजल्यावरचे दंतवैद्य (सही). यांना यात काहीही मिळत नाही, याची वकीलसाहेबांनी दोनदा खात्री केली.

लिहून देणार: निवृत्त प्राध्यापिका (सही)
ठिकाण: माझी बैठकीची खोली
दिनांक: सत्र सुरू होण्याआधीचा शुक्रवार