कापसाच्या खोलीत पियानो

७ फेब्रुवारी २०२३

आलं! चेन्नईच्या संगीतशाळेचं उत्तर आलं. शेवटच्या फेरीत माझं नाव आहे. शिष्यवृत्ती एकालाच मिळणार — दोन वर्षं राहणं, खाणं, शिकणं सगळं त्यांच्याकडे. २५ मार्चला ऑनलाइन ऐकणार, थेट. आधी पाश्चात्त्य शास्त्रीय, मग जाझ. पियानो खरा हवा, विजेवरचा चालणार नाही, आणि ज्याने त्याने आपल्याच जागेतून वाजवायचं.

आईला सांगितलं. ती ज्वारी पाखडत होती. म्हणाली, "बरं झालं. जेवून घे."

बाबांना सांगितलं. ते म्हणाले, "चेन्नई म्हणजे मद्रासच ना?"

मी हो म्हटलं. संपलं.

घरात बी.ए. झालेली मी पहिली. निकालाच्या दिवशी बाबांनी चांदूर रेल्वेहून पेढे आणले होते, चारचौघांत वाटले होते. पदवी त्यांना समजते. पियानो नाही. शिकले ती अकोल्याला, मिशनच्या वसतिगृहात राहून, शालू टीचरकडे. घरचं कुणी तिथे कधी ऐकायला आलं नाही. येणार कसं, दर वेळी वेचणी नाहीतर पेरणी.

टीचरना कळवलं. त्यांचा एका ओळीचा निरोप: "आनंद नंतर कर, डावा हात आधी सुधार."

११ फेब्रुवारी

शनिवारचं ऑनलाइन लाइव्ह झालं. नेहमीसारखेच फक्त हात दाखवले. सुरुवातीला शास्त्रीयातला एक फ्यूग, मग लोक सांगतील त्या सुरावरून ब्लूज. लिस्बनच्या कुणीतरी पुन्हा विचारलं — हा कुठला स्टुडिओ? इतका कोरडा, स्वच्छ आवाज कसा मिळवता?

मी नुसता हसरा चेहरा पाठवला. खरं लिहायला हवं होतं. लिहायला हवं होतं की हा स्टुडिओ नाही, आमची पुढची खोली आहे, आणि तिच्या तीन भिंतींना छपराच्या टिनापर्यंत कापूस लागलेला आहे. टीचर मुलीकडे बिलासपूरला राहायला गेल्या तेव्हा त्यांनी पियानो मला दिला. तो कुटाराच्या, भुशाच्या गादीवर आडवा होऊन, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत, दिवाळीनंतर आला. त्याच आठवड्यात पहिली वेचणी घरात आली. दोघांना मावेल अशी खोली एकच. भाव आला नाही म्हणून कापूस तिथेच राहिला. नंतरच्या वेचण्याही त्याच्यावर चढल्या. सूर उठतो, आणि बोट उचललं की जागच्या जागी थांबतो. मागे काही रेंगाळत नाही. जाझला तर हे सोनं आहे! पहिल्या फेरीच्या शेऱ्यातही 'आवाज फार स्वच्छ' असंच लिहिलं होतं.

या खोलीची फी मात्र द्यावीच लागते. मनगटांवर लाल पुळ्या. कापसातली कीड चावते, गावात घरोघरी सगळे खाजवत बसलेत. उन्हाळा लागत आला तरी मी लांब बाह्यांचे कपडे घालते, म्हणजे कॅमेऱ्यात दिसत नाही.

एक गोष्ट सलते. परदेशातले लोक दोन-दोन परिच्छेद लिहितात. घरातलं कुणी एक शब्द बोलत नाही. आज बाहेर आले तर आईने विचारलं, "झालं काय वं तुह्यं ठोकनं?"

ठोकणं. बारा वर्षं शिकले, आणि ठोकणं.

१६ फेब्रुवारी

शफीभाई आले होते. चांदूर रेल्वेचे कापसाचे व्यापारी, बाबांचे जुने दोस्त. ओसरीवर बसूनच सुरू झाले. "काय खुशालराव, कापूस हाय का पोरगी? कवरोक घरात ठेवता? एक दिवस द्याच लागते."

"पोरीचीच घाई नाही मले, त कापसाची काहून करू?"

दोघे हसले. मग शफीभाई गंभीर झाले. या महिन्यातला सगळ्यात चांगला भाव आज आहे म्हणाले. "आज देता त काटा लावतो. उद्याचं मले इचारू नका. माल साऱ्याईच्याच घरात पडून हाय."

श्यामदादा लगेच म्हणाला, "बाबा, देऊन टाका."

बाबांनी हाताने त्याला थांबवलं. "घरात शिकेल मानूस हाय ना. तिले इचारू दे." आणि मला हाक मारली. "दामिनी, फोनवर पाय बरं. वाढते का भाव?"

मी पाहिलं. बराच वेळ पाहिलं. एकेक बातमी उघडली. ते तिघं माझ्या तोंडाकडे बघत बसले होते, डॉक्टरकडे बघतात तसे. आणि माझ्या डोक्यात एकच — कापूस गेला तर खोली मोकळी होईल. ही खोली मोकळी असताना मी आजवर वाजवलेलं नाही. २५ मार्च.

म्हटलं, "थांबा. मार्चअखेर वाढेल."

बाबा शफीभाईंना म्हणाले, "आयकलं? चहा घ्या अन् निंघा."

१७ फेब्रुवारी

मी खोटं बोलले नाही. 'वाढेल' असं लिहिणारा एक जण होता.

एकच.

२८ फेब्रुवारी

भाव उतरला. दादा जेवताना म्हणाला, "तुह्या फोनले इचार, कवा चढते म्हना."

बाबा म्हणाले, "मार्चअखेर म्हने ना थे. आज कोनती मार्चअखेर हाय?"

ते माझी बाजू घेत होते.

शेवटच्या फेरीसाठी बसवलेल्या सोनाटाचा संथ भाग आज पाच-सहा वेळा वाजवला. बोटं बरोबर जातात. तरी त्यात काहीतरी कमी पडतंय. काय ते कळत नाही.

६ मार्च

होळी. आमच्या घरापासून होळीची जागा लांब नाही. बाबांनी सकाळीच पोत्यांचे तरट भिजवून खिडकीला लावले, दाराशी पाण्याचे ड्रम भरून ठेवले. कापूस आला त्या दिवसापासून या खोलीत उदबत्तीही लावू देत नाहीत. मला दिवा नाही, लांबवलेली वायर नाही, पंखाही नाही. लॅपटॉप आणि फोन स्वयंपाकघरात चार्ज करून आत न्यायचे.

संध्याकाळी होळी पेटली तेव्हा सगळं गाव बोंब मारत होतं आणि बाबा अंगणात उभे राहून ठिणग्या कुठे जातात ते पाहत होते. एक आमच्या टिनावर येऊन विझली. दादा शिडीवर चढला, हात फिरवून उतरला. माझ्याकडे न बघता म्हणाला, "फेबुरवारीत गेला असता त आज पोळी गोड लागली असती."

आई नैवेद्य घेऊन आली. तिच्या बोटांना अजून चिरा आहेत, वाळल्या बोंडाची टोकं लागून झालेल्या. ताट देताना दिसल्या. त्या खोलीतला निम्मा कापूस त्या बोटांनी वेचला आहे.

कॉलेजात वक्तृत्व स्पर्धेत मी शेतकऱ्यांवर बोलले होते. पहिला नंबर आला होता.

१२ मार्च

आज सांगायचं ठरवलं होतं. नाही सांगितलं. अजून तेरा दिवस, मग सांगेन. मग काहीही होवो.

१८ मार्च

गारा पडल्या. एका कोपऱ्यात टिन गळलं. दादाने आणि मी मिळून ताडपत्री चढवली, तेवढ्यात थोडा कापूस भिजलाच. पियानोवर मी माझी गोधडी टाकली. दादा म्हणाला, "पेटीले काही झालं नाही ना?" मी नाही म्हटलं. "मंग बरं हाय. कापसाचं काय, तो पिवळा पडते, दुसरं काय होते."

हे तो चिडून बोलला की सरळ, अजून ठरवता आलं नाही.

भाव अजून खाली.

२५ मार्च

झालं.

दुपारची वेळ दिली होती. खोलीत भट्टी. वीज गेली, पण त्याची तयारी होती. रेंज यावी म्हणून फोन खिडकीच्या गजाला बांधला होता. दादाने गल्लीतला लाउडस्पीकर बंद करायला लावला, कसा ते माहीत नाही. पडद्यावर तिघं — दोन बायका, एक म्हातारे गृहस्थ. कुणी हसत नव्हतं.

फ्यूग चांगला गेला. टीचर असत्या तर डाव्या हाताबद्दल गप्प बसल्या असत्या, एवढा. संथ भागात चूक एकही नाही. पण वाजवताना म्हातारे गृहस्थ कानाला हात लावून पुढे वाकलेले दिसले. नंतर एका बाईंनी चार सूर दिले, म्हणाल्या, यावरून वाजव, आवडेल तसं. मी त्या सुरांना आधी सरळ चालवलं, मग लंगडं केलं, मग डावीकडे बैलाच्या चालीसारखा एक ठेका धरला आणि उजवा हात मोकळा सोडला. कधी थांबले ते कळलं नाही. त्या बाई टाळ्या वाजवत होत्या.

बाहेर आले. कपडे पिळून काढावेत इतके ओले. आई म्हणाली, "झालं काय?"

हो म्हटलं.

"आंग धुवून घे मंग."

२९ मार्च

चेन्नईहून फोन. ते म्हातारे गृहस्थच बोलले, इंग्रजीत, सावकाश. जाझबद्दल शंका नाही. दोघांत निवड अडली आहे, त्यातली एक मी. पण संथ भाग त्यांना ऐकूच आला नाही म्हणाले. "पाय सूर लांबवायच्या पेडलवर दिसतो, त्याचं काम ऐकू येत नाही. सूर सुटल्यानंतर तू त्याचं काय करतेस ते मला ऐकायचं आहे. तुझी खोली सगळं गिळते. भिंतींना काय लावलं असेल ते काढ आणि ५ एप्रिलला तेवढाच भाग पुन्हा वाजव."

मी विचारलं, पियानो दुसरीकडे हलवून चालेल का? चालेल म्हणाले. पण इथे हलवणार कसा? दारापर्यंत कापसाची गंजी आहे. आणि हलवला तर सूर उतरतील. ते पुन्हा लावायला मला एकटीला दोन आठवडे लागतील.

म्हणजे कापूस काढावा लागेल. ज्याच्यासाठी ठेवायला लावला, त्याच्याचसाठी काढावा लागेल.

आज भाव विचारायचंही धाडस झालं नाही. दादाने आपणहून सांगितला. सबंध हंगामात इतका खाली नव्हता.

३१ मार्च

सांगितलं.

दिवेलागणीला सगळे अंगणात होते. मी म्हटलं, "बाबा, कापूस विका."

"तूच म्हने थांबा."

"भावासाठी नव्हतं म्हटलं. माझ्यासाठी म्हटलं होतं." आणि मग सगळं. खोलीचा आवाज, स्पर्धा, आता मोकळी खोली हवी ते. मध्येच थांबले असते तर पुन्हा बोलता आलं नसतं.

दादा उठून उभा राहिला. "आमी तिघं वर्षभर वाकलो त्यात. अन् तू आवाजासाठी..." बादलीला लाथ मारून गोठ्याकडे गेला. आईने कलंडलेली बादली उभी केली.

बाबांनी एकच विचारलं. "त्या दिवशी फोनमदी काय लिवेल होतं?"

"पडेल म्हणून."

"साऱ्याईनं?"

"एक सोडून."

त्यांनी टोपी झटकून डोक्यावर घातली. "मी तुले इचारलं होतं," म्हणाले. "श्यामले नाही इचारलं. तुले इचारलं." आणि शेताकडे निघून गेले.

१ एप्रिल

बाबांनीच शफीभाईंना बोलावलं. मला सांगितलं नाही. शफीभाई दारातूनच म्हणाले, "खुशालराव, आजची तारीख पाहून बलावलं का? फूल त नाही करून राहिले मले?"

कुणी हसलं नाही. ते चपापले. मग भाव सांगितला, आणि जरा थांबून म्हणाले, "फेबुरवारीत म्हटलं होतं मी तुमाले."

"हो. म्हटलं होतं. घरात चुकलं."

कुणाचं, ते बाबा बोलले नाहीत. मी दाराआड उभी होते. माझं नाव घेतलं असतं तर बरं झालं असतं.

२ एप्रिल

दिवसभर काटा. माणसं गाठोडी बांधत होती, मीही बांधली. कुणी नको म्हटलं नाही, कुणी ये म्हटलं नाही. शेवटचा पिवळा पडलेला ढीग शफीभाईंनी वेगळा काढला. दादा आणि बाबा गाडीबरोबर गेले. चार शब्द बोलले असतील सबंध दिवसात, तेही माझ्याशी नाही.

चेन्नईला जायला मिळालं तरी जाऊ का, हे मी स्वतःला विचारते आहे. आणि उत्तर 'हो' येतं. त्याचीच लाज वाटते.

३ एप्रिल

खोली झाडली. भिंती किती लांब आहेत! बसले, संथ भागाचा पहिला सूर लावला, पेडल दाबलं. सूर थांबलाच नाही. भिंतीवर गेला, टिनावर गेला, दारातून अंगणात गेला. मी घाबरून हात उचलले.

अंगणात सुपाचा आवाज बंद झाला होता. आई म्हणाली, "माय वं! तू रोज हे वाजवे काय? मले त बाहीर नुसती लाकडाची ठकठक ये."

मग बाबांचा आवाज. तीन दिवसांत पहिल्यांदा, माझ्याशी.

"थांबली काहून?"